घारा डोळा तपकिरी होतोय – काचबिंदूचे थेंब बंद करू का?

काकपद (नारायण पेठ)

नमस्कार. वय ५९. गेली एकतीस वर्षं प्रुफं तपासते. चरित्रं, पाककृती, क्रमिक पुस्तकं, आणि या दिवसांत अर्थातच दिवाळी अंक. त्यामुळे प्रश्न लांबणार आहे. घाईत असाल तर थेट शेवटचा परिच्छेद वाचा, मी रागावणार नाही.

गेल्या वर्षी माझ्या हातून अनुस्वार सुटायला लागले. 'त्यांनी'चं 'त्यानी' तसंच छापून आलं, एकाच प्रकरणात दोनदा. प्रकाशक जुने आहेत, काही बोलले नाहीत. मलाच झोप लागेना. सून म्हणाली, आई, या वेळी चष्म्याच्या दुकानात नको, डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ. बारा वर्षं मी एकाच दुकानातून नंबर काढून घेत होते. फ्रेम चांगल्या देतात, चहा विचारतात. डोळ्यातला दाब तिथे कधी कुणी मोजला नाही, आणि तो मोजायचा असतो हे मलाही ठाऊक नव्हतं.

डॉक्टरबाईंनी मोजला. उजवा १८, डावा २७. दहा ते एकवीस हा नेहमीचा. मग पारदर्शक पडद्याची जाडी, मग डोळ्याला आरशाचं भिंग लावून कोन बघणं, मग ओसीटी, म्हणजे नसेच्या थरांची जाडी दाखवणारं स्कॅन. डाव्या डोळ्याच्या नसेची खालची कड पातळ झालीय आणि नजरेच्या वरच्या भागात, नाकाच्या बाजूला, कमानीसारखी जागा गेलेली आहे. मी म्हटलं, तरीच! अनुस्वार वरच असतात! बाई हसल्या. म्हणाल्या, अनुस्वार चष्म्याच्या नंबरामुळे सुटले. काचबिंदू कडेकडेनं खातो, मधलं शेवटी. एका डोळ्यात गेलेलं दुसरा डोळा भरून काढतो, म्हणून माणसाला पत्ता लागत नाही.

ती कमान शोधणारी फील्ड टेस्ट माझी पहिल्यांदा फुकट गेली. यंत्रात हनुवटी टेकवायची, समोरच्या ठिपक्यावर नजर ठेवायची आणि कडेला दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. मी नसलेल्या दिव्यांनाही दाबत होते. तिथला मुलगा म्हणाला, काकू, दिवा लागायच्या आधीच दाबताय. काय करणार, चूक असणारच असं धरूनच मी बघते. दुसऱ्यांदा नीट झाली.

संक्रांतीनंतरच्या आठवड्यात लॅटानोप्रोस्ट सुरू झालं. फक्त डाव्या डोळ्यात, रोज रात्री झोपताना एक थेंब. सहा आठवड्यांनी दाब १८, जुलैत १७. इथपर्यंत सगळं शुद्ध.

आता अशुद्ध. माझे डोळे घारे आहेत. आईचे होते, तिच्या वडलांचे होते, गुहागरकडची मंडळी. शाळेत मुली 'मांजरी' म्हणायच्या तेव्हा राग यायचा, पुढे कधीतरी तो गेला आणि थोडा अभिमानच वाटायला लागला, खोटं कशाला बोलू. तर गौरीच्या जेवणाला नणंद माझ्याकडे एकटक बघत म्हणाली, वहिनी, एकाच डोळ्यात काजळ का घातलंय? मी काजळ घालतच नाही. आरशात पाहिलं तर डाव्या पापणीचे केस उजव्याच्या दीडपट लांब, काळेभोर. पापणीची कातडी चहाच्या डागासारखी. वरची पापणी जरा आत गेल्यासारखी, जागरण केल्यावर होते तशी. आणि नात सहा वर्षांची, ती मांडीवर बसून म्हणाली, आजी, तुझा हा डोळा तुझा आणि हा आईचा. तिच्या आईचे डोळे तपकिरी आहेत.

औषधाच्या खोक्यातला कागद मी भिंग घेऊन वाचला. त्यात बुबुळाचा रंग कायमचा बदलू शकतो असं स्वच्छ लिहिलंय. डॉक्टरांनीही पहिल्या दिवशी सांगितलं असणार. पण त्या दिवशी मला एकच दिसत होतं, आईची शेवटची सहा वर्षं. तिला दिसत नव्हतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन करूनही आलं नाही, 'नस सुकली आहे' म्हणाले, आणि आम्ही ते वयावर ढकललं.

गेले चार दिवस मी थेंब घातलेला नाही. विचारायचं ते असं. बंद केलं तर रंग परत येतो का? दुसरं औषध मागितलं तर 'या वयात रूप कसलं बघताय' असं डॉक्टर मनात म्हणतील का? आणि हसू नका, पण उजव्या डोळ्यातही घातलं तर निदान दोन्ही सारखे होतील ना? शिवाय औषधाच्या गटाचं नाव प्रोस्टाग्लँडिन. प्रोस्टेटचं बाईच्या डोळ्यात काय काम?


शनिपारकर

ताई, आजच रात्री थेंब घाला आणि उद्या डॉक्टरांना फोन करा. बाकी गप्पा नंतर.

मी दोन्ही डोळ्यांत बिमॅटोप्रोस्ट घालतो, तुमच्याच गटातलं औषध, त्यामुळे तुमच्यासारखी विसंगती नाही. पण पापण्यांचे केस इतके वाढले की चष्म्याच्या काचेला आतून घासतात, संध्याकाळपर्यंत काचेवर कुंचला फिरवल्यासारखे पट्टे. न्हाव्याला कापायला सांगितलं तर तो घाबरला. आता बायको नखं कापायच्या कात्रीनं कापते आणि कापताना सगळे जुने हिशेब काढते. गंमत म्हणजे हेच औषध अमेरिकेत २००८ साली पापण्या दाट करायला म्हणून मंजूर झालं. तिकडे लोक त्यासाठी वेगळे पैसे मोजतात, आपल्याला काचबिंदूवर मोफत.


डिझेलकाका (दापोडी)

काकपदताई, मी ७१. एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून फिटर म्हणून रिटायर. डॉक्टर नाही, पण दाब, पंप आणि चोकअप यांच्याशी पस्तीस वर्षं झटापट केलीय, म्हणून मला जसं समजलं तसं सांगतो.

डोळ्याच्या आत एक पंप आहे, तो सतत पाणी सोडतो. मिनिटाला साधारण अडीच मायक्रोलिटर. चोवीस तासांचं सगळं मिळून चहाचा एक चमचा भरत नाही. (रडताना येतं तो द्राव वेगळा, तो बाहेरचा.) हे पाणी बुबुळाच्या कडेला एक बारीक जाळी असते तिच्यातून निघून जातं. आपली जाळी वर्षानुवर्षं तुंबत आलेली असते. पंप चालू, निचरा कमी, मग दाब चढतो आणि सगळा मार मागच्या नसेवर. आता मेकॅनिक काय करील? एकतर पंप हळू करील, नाहीतर पाण्याला वाट काढून देईल. टिमोलॉल नावाचं जुनं औषध पंप हळू करतं. तुमचं औषध वाट काढतं, पण गंमत बघा, तुंबलेल्या जाळीच्या नादाला ते फारसं लागतच नाही. शेजारी एक स्नायू आहे, त्याच्या धाग्यांमधून थोडं पाणी पहिल्यापासूनच झिरपत असतं. औषधामुळे त्या धाग्यांमधला चिकट भराव विरघळतो आणि झिरपणं वाढतं. धरणाचा दरवाजा अडकलाय, तर कालव्याचं अस्तर सैल केलं असं समजा. म्हणून पूर्ण गुण यायला काही आठवडे लागतात. आणि म्हणूनच एक रात्र चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन थेंब घालून भरपाई करायची नाही. दिवसातून एकापेक्षा जास्त वेळा घातलं तर उलट गुण कमी येतो, हे मला दोन वेगवेगळ्या डॉक्टरांनी सांगितलंय.

माझी सुरुवात २००९ ला टिमोलॉलवर झाली, सकाळ-संध्याकाळ. मी तेव्हा रोज पहाटे पर्वती चढायचो, १०३ पायऱ्या, न थांबता. दोन महिन्यांत साठाव्या पायरीवर बसायला लागलो. छातीत शिट्टी वाजायची. फॅमिली डॉक्टरांकडे ईसीजी झाला, नाडी ५० च्या खाली. ते विचारतायत कुठलं औषध चालू आहे, मी सांगतोय काही नाही. डोळ्यात घालायचा थेंब, त्याला कोण औषध म्हणतं? शेवटी बायकोनं पिशवीतून बाटली काढून दाखवली. थेंब डोळ्याच्या कोपऱ्यातल्या नळीतून नाकात उतरतो, तिथून थेट रक्तात. मला लहानपणी दमा होता, पण केसपेपरवर मीच 'नाही' लिहिलं होतं. चूक माझी. त्या दिवसापासून ट्रॅव्होप्रोस्टवर आहे, तेही तुमच्याच गटातलं. श्वासाला, नाडीला काही नाही. डोळे लाल व्हायचे, शेजारी विचारायचे कुठे बसला होता काल. काही आठवड्यांत लाली उतरली.

आता जे सांगतो ते नीट वाचा, तुम्ही चार दिवस थेंब सोडल्याचं वाचलं म्हणून एवढं टाइप करतोय. २०२० च्या लॉकडाउनमध्ये मी थेंब सोडला. आधी दुकान बंद होतं म्हणून, मग दुकान उघडलं तरी आळसानं. चार महिने. काय फरक पडला? काहीच नाही! दुखलं नाही, खुपलं नाही, पेपर वाचता येत होता, डोळे उलट पांढरे स्वच्छ. मी खूश. ऑगस्टात दाखवायला गेलो तर दाब २६ आणि फील्डच्या कागदावर खालच्या बाजूला नवीन काळा पट्टा. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचं जास्त वाईट वाटलं. दाब पुन्हा १६ वर आला, पट्टा आहे तिथेच आहे. तो परत जात नाही, ती नस पुन्हा उगवत नाही. आमच्या जिन्याची शेवटची पायरी मला आता पायानं चाचपावी लागते. स्कूटर विकली. पुण्यात खालचं न दिसता स्कूटर चालवायची म्हणजे खड्डे मोजायचं काम बुडाशी दिल्यासारखं.

थेंब घालायची माझी पद्धत. आडवं पडायचं, खालची पापणी ओढून खिसा करायचा, बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही, एकच थेंब. मग डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं दोन मिनिटं दाबायचा. गालावर ओघळलेलं लगेच टिपायचं, तुमचा चहाचा डाग त्यामुळेच जास्त होतो. बाटली मी फ्रिजमध्ये ठेवतो. काही कंपन्यांचं लॅटानोप्रोस्ट सील फोडेपर्यंत फ्रिजमध्येच लागतं, नंतर २५ अंशांपर्यंत बाहेर चालतं. पण एप्रिलात आमच्या पत्र्याच्या खोलीत २५ अंश? शिवाय गार थेंब डोळ्यात पडला की कळतं, गालावर पडला तरी कळतं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते तेव्हा फ्रिज उघडायचा नाही, एवढंच.


निसर्गमित्र

इतकी केमिकल्स डोळ्यात घालण्यापेक्षा त्रिफळ्याच्या पाण्यानं रोज डोळे धुवा. माझ्या काकांचा काचबिंदू सहा महिन्यांत गेला. कंपन्यांना बरं व्हायला नको असतं.


भिंगवाली

निसर्गमित्र, काकांच्या डोळ्यांचा दाब आधी किती होता, नंतर किती झाला, फील्डचे दोन कागद आहेत का? असले तर इथे आकडे टाका, मी माघार घेईन. धुतलं जातं ते डोळ्याचं बाहेरचं अंग. दाब आतल्या पाण्याचा. आणि घरी उकळून गाळलेलं पाणी निर्जंतुक नसतं, त्यानं डोळा पिकून आलेले पेशंट मी पाहिलेत.

काकपदताई, मी हडपसर बाजूला एका डोळ्यांच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे. रोज दाब मोजते, फील्ड घेते (तुमच्यासारखे आधीच बटण दाबणारे आठवड्याला तीन तरी). औषध ठरवणं माझं काम नव्हे, पण तुमच्या प्रश्नांपैकी बरेचसे पेशंट डॉक्टरांना न विचारता मला विचारतात.

रंग. बुबुळात रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. औषधामुळे त्या पेशी जास्त रंग भरतात, पेशींची संख्या वाढत नाही. आपल्याकडच्या गडद तपकिरी डोळ्यांत हे कुणाच्या लक्षातही येत नाही, म्हणून पुष्कळदा सांगायचं राहतं किंवा घाईत उरकलं जातं. घाऱ्या, हिरवट-तपकिरी मिश्र डोळ्यांत मात्र ठळक दिसतं. औषध थांबवलं तर पुढे गडद होणं थांबतं, झालेला रंग बहुधा तसाच राहतो. त्यानं नजरेला अपाय होतो असं दिसलेलं नाही. केस आणि कातडीचं वेगळं, ते औषध थांबल्यावर काही महिन्यांत हळूहळू पूर्वपदावर येतं. पापणी आत गेल्यासारखी दिसते कारण डोळ्याभोवतीची चरबी कमी होते. हे बिमॅटोप्रोस्टनं जास्त दिसतं, लॅटानोप्रोस्टनं त्या मानानं कमी, आणि औषध थांबवल्यावर बऱ्यापैकी भरून येतं.

उजव्या डोळ्यात घालायचं नाही! रंग जुळवायला औषध नसतं. उजवीकडे पुढे कधी गरज पडली तर डॉक्टर सांगतील.

नाव. तुम्हाला आवडेल म्हणून सांगते. १९३०च्या दशकात स्वीडनमधल्या उल्फ फॉन ऑयलर यांना हा पदार्थ वीर्यात सापडला, तो प्रोस्टेट ग्रंथीतून येत असावा असं वाटून त्यांनी हे नाव ठेवलं. पुढे कळलं की तो शरीरात जवळपास सगळीकडे तयार होतो, बायकांच्याही. म्हणजे नाव म्हणजे दुरुस्त न झालेली छपाईची चूक समजा. डोळ्यात तर हा पदार्थ दाह करणारा म्हणून बदनाम होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लास्लो बिटो यांनी दाखवलं की थोड्या मात्रेत तो दाब वाढवत नाही, उतरवतो. त्यातून स्वीडनच्या उप्साला इथे लॅटानोप्रोस्ट तयार झालं आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. त्याआधी डिझेलकाकांचं टिमोलॉल हेच पहिलं औषध असायचं.

नुसता आकडा उतरतो की नजरही वाचते, असं बरेच जण विचारतात. ब्रिटनमध्ये ५१६ रुग्णांवर याची चाचणी झाली, २०१५ मध्ये छापून आली. निम्म्यांना लॅटानोप्रोस्ट, निम्म्यांना औषध नसलेले थेंब. दोन वर्षांत बिनऔषधाच्या गटात शंभरातल्या साधारण २५ जणांचं फील्ड आणखी खराब झालं, औषधाच्या गटात १५ जणांचं. म्हणजे थेंब घालूनही काहींचं बिघडतं, म्हणूनच दर काही महिन्यांनी बोलावतात. पण २५ आणि १५ मधला फरक म्हणजे किती जिन्याच्या पायऱ्या, ते काकांना विचारा.

दुसरं औषध मागायला लाजू नका. तुमच्या केसमध्ये मला सगळ्यात काळजीची वाटली ती रंगाची गोष्ट नाहीच, न विचारता सोडलेले चार दिवस आहेत. डॉक्टरांच्या दृष्टीनं, जे औषध पेशंट मनापासून घालत नाही ते औषध कितीही चांगलं असलं तरी बाटलीतच राहतं. पर्याय आहेत. पंप हळू करणारे टिमोलॉल, डॉर्झोलामाइड वगैरे, ब्रिमोनिडीन, हे दिवसातून दोन-तीनदा घालावे लागतात आणि प्रत्येकाची आपली कटकट असते. आणखी एक म्हणजे जाळीवर करायचं लेझर, एसएलटी. दवाखान्यात बसल्या बसल्या काही मिनिटांत होतं, रंग बदलत नाही, केस वाढत नाहीत. २०१९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात लेझरनं सुरुवात केलेल्यांपैकी सुमारे पाऊण डोळ्यांना तीन वर्षांनीही थेंबांची गरज नव्हती. पण सगळ्यांना लागू पडत नाही, असर कालांतरानं ओसरू शकतो, मग पुन्हा करता येतं. कोन, म्हणजे ती जाळी असते ती जागा, उघडा आहे का, हे आधी बघावं लागतं, ते तुमचं आरशाच्या भिंगानं झालेलंच आहे.

एक विचारू? बाटली कधी फोडली होती? एकाच डोळ्याला अडीच मिलीची बाटली दोन-अडीच महिने पुरते, आणि काटकसरी माणसं ती शेवटच्या थेंबापर्यंत वापरतात. फोडल्यावर चार ते सहा आठवड्यांत टाकून द्यायची असते, खोक्यावर आकडा असतो.

आणि आईंची गोष्ट डॉक्टरांना सांगितलीत का? भाऊ-बहीण आहेत? त्यांचे दाब मोजायला हवेत, मुलांचेही. कुणी ॲलर्जीसाठी स्टेरॉइडचे थेंब दुकानातून परस्पर आणून घालत असेल तर तेही थांबवा, त्यानं दाब चढतो.


काकपद

सगळ्यांना उशिरानं उत्तर देतेय, तीन अंकांची शेवटची प्रुफं एकाच आठवड्यात आली.

त्याच रात्री थेंब घातला. डिझेलकाकांचं वाचून जिन्यापर्यंत गेले आणि एक डोळा झाकून पायऱ्या उतरून पाहिल्या. उतरता आल्या, पण उगाच केलं असं वाटलं.

भिंगवाली, बाटली मकरसंक्रांतीपासून आत्तापर्यंत फक्त तीन लागल्या. तुम्ही बरोबर ओळखलंत. शेवटचा थेंब निघेपर्यंत बाटली झटकत होते. आता झाकणावर फोडल्याची तारीख लिहिते, प्रुफांवर लिहिते तशी, लाल शाईनं.

डॉक्टरांकडे गेले. दाब १९. चार दिवसांमुळे की जुन्या बाटलीमुळे, ते सांगता येत नाही म्हणाल्या. मी नातीचं वाक्य सांगितलं. त्यांनी माझा जानेवारीतला फोटो मागितला, सुनेच्या फोनमध्ये हळदीकुंकवाचा होता. बराच वेळ दोन्ही बघितलं आणि म्हणाल्या, हे मी त्या दिवशी तुमच्याकडून पुन्हा वदवून घ्यायला हवं होतं. 'रूप कसलं बघताय' कुणी म्हटलं नाही. उजव्या डोळ्याचं विचारलंच मी, तुम्ही सगळ्यांनी रागावूनसुद्धा. त्यांनी मान हलवली आणि पुढच्या प्रश्नाकडे गेल्या.

ठरलं असं. लेझर दिवाळीनंतर, भाऊबीज झाली की. तोवर थेंब रोज, न चुकता. लेझरनंतर दाब किती राहतो ते बघून थेंब सुटतील की राहतील, ते आत्ता कुणीच सांगू शकत नाही. रंग जेवढा गेलाय तेवढा गेला. दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी नातीनं माझं चित्र काढलं, त्यात एक डोळा हिरवा आणि एक तपकिरी रंगवलाय, आणि शाळेत बाईंनी विचारलं तर म्हणाली, आमच्या आजीचे असेच असतात.

चिपळूणला मोठा भाऊ आहे, ६६ वर्षांचा. त्याला फोन केला. तो म्हणाला, मला लख्ख दिसतंय. मी म्हटलं, मलाही दिसत होतं. मागच्या शनिवारी एसटीनं आला, रविवार माझ्याकडे राहिला, सोमवारी तपासलं. दोन्ही डोळ्यांत २४ आणि नसेवर डाग, फील्ड अजून व्हायचंय. त्याचेही डोळे घारे आहेत, आईचेच. औषधाचं बोलणं निघाल्यावर मी डॉक्टरांच्या आधी त्याला रंगाचं सांगून टाकलं. तो म्हणाला, मिशी पांढरी झाली तेव्हा कुणी विचारलं होतं? रात्री त्याला आडवं पाडून नुसत्या पाण्याच्या बाटलीवर थेंब घालायचा सराव करून घेतला. चार थेंब कपाळावर, एक मिशीत, सहावा बरोबर.

शनिपारकर, पापण्यांच्या केसांचं आता मीही नणंदेला सांगते की अमेरिकेत पैसे पडतात. ती नाव विचारत होती, मी दिलं नाही.

आणि डिझेलकाका, सगळं उत्तम, फक्त 'बुडाशी' असा शब्द तिथे नको होता. मुलं वाचतात.